हाती दिलेली पळी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात ‘अन्नसेवा आणि जीवनाचे प्रयोजन’ या विषयावर एका कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याचा मान मला मिळाला, हे मी माझे भाग्य समजतो. मी विद्वान नाही आणि वक्ता तर नाहीच. आपल्या शिधा केंद्रात दर शनिवारी डाळ मोजणारा आणि वहीत नोंदी करणारा मी एक साधा कार्यकर्ता. त्यामुळे शास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. अधिकार आहे तो एवढाच, की तराजूच्या मागे उभे राहून जे दिसले ते सांगावे. त्यात माझी एक चूकही आहे. ती सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी नोकरीतून निवृत्त झालो. आयुष्यभर हिशेब लिहिले. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आले, की आज आपली वाट पाहणारे कोणीही नाही. सकाळी देवदर्शन, मग वर्तमानपत्र, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी भिडे पुलापर्यंत एक फेरी. दिवस सुखाचे होते. पैशाची ददात नव्हती, मुले मार्गी लागली होती. तरीही रात्री अंथरुणावर पडल्यावर आज आपण नेमके काय केले, असा प्रश्न मनाला विचारला तर उत्तर मिळत नसे. दिवस सरत होता, पण सार्थकी लागत नव्हता. आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांना हा अनुभव असेल. तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही, कारण सर्व काही असताना तक्रार कसली करायची?

अशाच एका सकाळी मंदिराच्या पायरीवर आपल्या एका विश्वस्तांनी मला गाठले. म्हणाले, “भाऊ, शिधा केंद्राच्या वह्या फार विस्कटल्या आहेत. हिशेबाला माणूस नाही. शनिवारी दोन तास याल का?” मी गेलो. खरे सांगायचे तर उपकार केल्याच्या भावनेने गेलो. त्या बोलावण्याचा खरा अर्थ मला पुष्कळ उशिरा समजला. त्याकडे मी शेवटी येईन.

आपले केंद्र कसे चालते हे बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. नारायणराव पेशव्यांच्या नावाने वसलेली ही पेठ. एका अंगाला मुठा नदी, दुसऱ्या अंगाला लक्ष्मी रस्त्याची गजबज, आणि मधल्या बोळांतून जुने वाडे व नव्या इमारती एकमेकांना टेकून उभ्या. केसरीवाडा, मोदी गणपती, पत्र्या मारुती ही येथील ओळखीची ठिकाणे. बाहेरून पाहणाऱ्याला ही खाऊनपिऊन सुखी माणसांची वस्ती वाटते. भूक येथे फाटक्या कपड्यांत फिरत नाही. ती इस्त्रीचे कपडे घालून, दार लोटून आत बसलेली असते. वाड्यातील जुन्या भाड्याच्या खोलीत एकटे राहणारे वृद्ध, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, रात्रपाळीचे रखवालदार, आणि मराठवाडा-विदर्भातून स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेले विद्यार्थी असे लोक आपल्याकडे येतात. त्यांना आपण गहू, तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, तेल, गूळ, चहापूड, मीठ आणि हळद-तिखट असा शिधा देतो.

येथे कोणी विचारेल, की सरकार रेशनवर धान्य देते, मग आपली गरज काय? प्रश्न योग्य आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिची बरोबरी कोणतीही संस्था करू शकणार नाही. परंतु नुसत्या गहू-तांदळाने ताट भरत नाही; डाळ आणि तेल लागते. शिवाय ज्याचे नाव गावच्या शिधापत्रिकेवर आहे आणि तेथील धान्य गावच्या घरीच लागते, अशा विद्यार्थ्याच्या हाती येथे काय पडणार? मोठ्या व्यवस्थेच्या जाळीतून जे दाणे निसटतात, ते ओंजळीत धरणे एवढेच आपले काम आहे.

भुकेलेल्या विद्यार्थ्याशी पुण्याचे नाते जुने आहे. ‘वार लावून जेवणे’ हा शब्दप्रयोग आता फक्त वृद्धांनाच ठाऊक असेल. गरीब विद्यार्थी आठवड्याच्या सात वारी सात घरी जेवत असे. कोणी माधुकरी मागून शिकत असे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुलांनी सुरुवातीच्या काळात माधुकरीवर शिक्षण घेतले. पुढे १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली आणि खेड्यातून आलेल्या मुलांना निवास-भोजनाचा आधार मिळाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि या पेठांतील खानावळी एकाएकी बंद पडल्या, तेव्हा खोल्यांत अडकलेल्या मुलांच्या निमित्ताने तो जुना प्रश्न नव्या रूपात पुन्हा दारात येऊन उभा राहिला.

आता माझी चूक सांगतो.

मी केंद्रात आलो तो हिशेबनीस म्हणून. वह्या विस्कटलेल्या होत्या हे खरेच होते. मी आल्याबरोबर शिस्त लावली. प्रत्येकाने ओळखपत्र दाखवावे, शिधापत्रिका आणावी, उत्पन्न सांगावे, सही करावी, असा नियम केला. एका शनिवारी एक भगिनी आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, नेसण्या-बोलण्यात घरंदाजपणा, हातात घडी केलेली कापडी पिशवी. मी विचारले, “शिधापत्रिका?” त्या म्हणाल्या, “आणली नाही.” मी विचारले, “घरात कमावते कोण?” त्या गप्प राहिल्या. मागे रांग होती. मी पुन्हा, जरा मोठ्याने विचारले, “यजमान काय करतात?” त्यांनी एकदा मागे वळून रांगेकडे पाहिले. रांगेत बहुधा ओळखीचे कोणीतरी असावे. “पुढच्या वेळी घेऊन येते,” एवढे म्हणून त्यांनी पिशवीची घडी पुन्हा नीट केली आणि त्या निघून गेल्या.

त्या पुन्हा कधीच आल्या नाहीत. मी पुढे चौकशी केली, पण नाव विचारण्यापूर्वीच मी उत्पन्न विचारले होते. त्यामुळे त्यांना शोधायचे तरी कसे? त्या दिवशी माझा हिशेब दाण्यादाण्याला जुळला होता. वहीत एकही खाडाखोड नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि अनेक वर्षे मनाच्या तळाशी बसलेली एक आठवण वर आली.

१२ जुलै १९६१. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण गेले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. शनिवार पेठ, नारायण पेठ पाण्याखाली गेली. आमचे या पेठेत किराणा-भुसाराचे छोटे दुकान होते. अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही घर सोडले आणि उंचावरच्या एका शाळेत आसरा घेतला. पाणी ओसरल्यावर वडिलांबरोबर मी दुकान पाहायला गेलो. गुळाच्या ढेपी विरघळून गेल्या होत्या, भिजलेले धान्य फुगून पोती फाटली होती, आणि सगळीकडे चिखल व आंबूस वास. वडील उंबरठ्यावर उभे राहिले, आत गेले नाहीत.

त्या शाळेत दुपारी जेवण वाटले जाई. आमटी-भात असे. आई आम्हा भावंडांना घेऊन रांगेत उभी राहिली. वडील मात्र भिंतीला टेकून दूर उभे. सणासुदीला ज्यांच्या हातून धान्य वाटले जाई, ते ताटली पुढे करायला तयार नव्हते. पहिल्या दिवशी ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी वाढणाऱ्या एका प्रौढ बाईंनी त्यांना पाहिले. त्या जवळ आल्या. जेवण्याचा आग्रह त्यांनी केला नाही, की कीव केली नाही. त्या म्हणाल्या, “शेठजी, वाढायला माणसं कमी पडतात हो. जरा पळी धराल का?”

वडिलांनी पळी हातात घेतली. ते दीड-दोन तास वाढत होते. नंतर वाढणाऱ्यांची पंगत बसली, तेव्हा त्या पंगतीत बसून ते जेवले. दोन दिवसांनी त्यांच्या पोटात अन्न गेले. त्या बाई कोण होत्या, त्यांची जात कोणती, त्या कोणत्या संस्थेच्या, हे आम्हाला कधीच कळले नाही. वडिलांनी हयातीत तो प्रसंग चारचौघांत कधी सांगितला नाही. पण त्यानंतर आमच्या दुकानातून उधारीवर धान्य नेणाऱ्याला त्यांनी कधी चारचौघांत आठवण करून दिली नाही, हे मी पाहिले आहे.

बंधुभगिनींनो, त्या पळीचा वारसा मला मिळालेला होता आणि तरीही तराजूमागे बसल्यावर मी तो विसरलो. माणूस घेणाऱ्याच्या जागेवरून देणाऱ्याच्या जागेवर आला, की त्याची स्मरणशक्ती अशी आखूड होते.

त्यानंतर मी आपल्या शास्त्रात याविषयी काय सांगितले आहे ते समजून घेऊ लागलो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वातींनी दानाचा विचार मांडला आहे. दान हे देणारा आणि घेणारा या दोघांच्याही कल्याणासाठी असते, आणि त्याचे मोल विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींवरून ठरते, असा त्याचा आशय. आपण व्याख्यानांत हे चार शब्द अनेकदा ऐकतो. शिधा केंद्राच्या ओट्यावर मला त्यांचा जो अर्थ लागला तो सांगतो.

प्रथम द्रव्य. भगवान ऋषभदेवांच्या पारण्याची कथा आपल्यातील लहान मुलालाही ठाऊक आहे. दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ भगवंतांना आहार मिळाला नाही. लोक कंजूष होते म्हणून असे झाले नाही. लोकांनी सोने आणले, रत्ने आणली, हत्ती-घोडे आणले. आहार द्यावा, हे कोणाला उमगले नाही. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी उसाचा रस दिला आणि तो दिवस अक्षय्य तृतीया म्हणून अमर झाला. या कथेचा बोध मला असा वाटतो, की आपल्याजवळ जे भरपूर आहे ते देणे सोपे. समोरच्याला जे हवे आहे ते ओळखणे अवघड. लग्नात उरले म्हणून रात्री दहा वाजता पाठवलेले अन्न, मुदत संपत आलेली बिस्किटे, टोके पडलेला गहू हे आपल्या घरचे ओझे हलके करणे झाले. आमच्या केंद्रात आता एकच कसोटी आहे: जे आपल्या घरच्या ताटात वाढणार नाही ते कोणाच्या पिशवीत घालायचे नाही. पावसाळ्यात धान्याचा मोठा साठा करायचा नाही, आलेले धान्य आधी चाळून-निवडून घ्यायचे, आणि जीवजंतूंची यतना राखायची. हे काम वेळखाऊ आहे. चार भगिनी सूप घेऊन बसतात तेव्हा कोठे शनिवारची तयारी होते. अहिंसेचा पाठ मी पुष्कळदा वाचला होता. तो गिरवला मात्र त्या सुपाशी बसून.

दुसरा विधी, म्हणजे देण्याची रीत. कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडू शहांचे नाव आपण आदराने घेतो. तेराव्या शतकात पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांनी धान्याची कोठारे खुली केली. त्या कोठारांतील धान्य गरिबांसाठी आहे असे आधीच लिहून ठेवल्यामुळे ते त्यांनी स्वतःच्या मालकीचे मानले नाही, असे सांगतात. ज्यांना मागण्याची लाज वाटे, अशा घरंदाज माणसांसाठी ते लाडवांत सुवर्णमुद्रा लपवून देत. त्यांना ‘लज्जापिंड’ म्हणत. आणि घेणाऱ्याचा चेहरा दिसू नये म्हणून ते पडद्याआड बसून दान करीत, अशीही कथा आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या व्यापाऱ्याला जे कळत होते, ते हिशेबात मुरलेल्या मला कळले नव्हते. त्यांनी पडदा लावला. मी रांगेसमोर उत्पन्न विचारले.

आम्ही रीत बदलली. आता रांग नाही, बाकडी आहेत. प्रत्येकाला वेगळी वेळ दिलेली असते. चौकशी करावीच लागते, कारण संस्थेचा पैसा समाजाचा आहे आणि त्याचा हिशेब चोख हवा. पण ती आतल्या खोलीत, बसवून, पाणी देऊन होते. पहिल्या वेळी कागद नसले तरी पिशवी रिकामी जात नाही. आणि घेणाऱ्याचे छायाचित्र काढायचे नाही, हा नियम विश्वस्तांनी एकमताने केला. काही देणगीदारांना तो रुचला नाही. त्यांचा मोबाइल हातातच राहिला. परंतु जगडू शहांच्या पडद्याचे नाव काढल्यावर बहुतेकांचे समाधान झाले.

तिसरा दाता. येथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे, क्षमा असावी. आपल्या समाजात दातृत्वाची उणीव नाही. संस्थेची पन्नास वर्षे त्याची साक्ष आहेत. उणीव आहे ती हातांची. वाढदिवसाला, पुण्यतिथीला केंद्रात गर्दी होते; जुलैतल्या धो धो पावसाच्या शनिवारी आम्ही तिघेच असतो. भूक मात्र तिथी पाहून येत नाही. आपल्या धर्मात सेवेला, वैयावृत्त्याला, अभ्यंतर तपांत स्थान दिलेले आहे. उपवासाची गणती ज्या भक्तिभावाने आपण ठेवतो, त्याच भावाने या तपाची गणती का ठेवू नये? तप म्हटले की सातत्य आले. एकाच दिवसात वर्षीतप कोणी करत नाही.

दाता कोणाला म्हणावे याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. कुंभोजच्या जैन घराण्यात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुलांच्या पोटाला घालायला पैसे नसत, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही विकले. सोवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या त्या माउलीने सर्व जातींच्या मुलांना स्वतःच्या हाताने रांधून वाढले. त्यांच्या मंगळसूत्राची गोष्ट आपण सांगतो. त्यांच्या हाताला पडलेले चटके आपल्याला आठवत नाहीत. याच रयतेच्या कार्यात ‘मुष्टिफंड’ होता. घरची बाई दळणातून एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवी. एका मुठीने कोणाचे घर रिते झाले नाही, आणि त्या मुठींवर एक पिढी शिकली.

चौथा पात्र. या विषयावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते मोकळेपणाने मांडले पाहिजेत. काही ज्येष्ठ म्हणतात, की साधर्मिक भक्ती हे श्रावकाचे पहिले कर्तव्य आहे. आपल्याच समाजात अडचणीतील कुटुंबे असताना केंद्र सर्वांना खुले का? त्यांची कळकळ खरी आहे. आपल्या समाजातही भाडे थकलेली, दुकान बुडालेली घरे आहेत, आणि ती सर्वांत शेवटी मदत मागतात. त्यांच्यापर्यंत आपणच, गाजावाजा न करता, पोहोचले पाहिजे. परंतु सुपात्रदान आणि अनुकंपादान या दोन वेगळ्या वाटा आपल्या आचार्यांनी सांगितल्या आहेत. मुनिराजांना आहार देताना पात्राचा विचार; भुकेल्या माणसाला अन्न देताना भूक हीच पात्रता. १९६१ साली त्या शाळेतील बाईंनी माझ्या वडिलांना धर्म विचारला असता, तर मी आज कोणत्या तोंडाने येथे उभा राहिलो असतो?

दुसरा आक्षेप असा, की फुकट देऊन आपण माणसांना परावलंबी करतो. यातही तथ्य आहे. म्हणूनच डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ मध्ये पुण्यात ‘कष्टाची भाकर’ केंद्र सुरू केले, तेव्हा कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात, त्याने स्वतःच्या पैशाने विकत घेऊन खावी अशी भाकरी दिली. भाऊरावांच्या वसतिगृहातील मुलेही श्रम करून शिकली. अन्नाबरोबर स्वाभिमान देता आला पाहिजे. नाहीतर पोट भरते आणि मान खाली जाते.

ते कसे साधावे याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. त्या पळीत सापडले. आमच्याकडे एक विद्यार्थी शिधा घ्यायला येत असे. दोन वेळा परीक्षेत अपयश आलेले, घरून पैसे येणे थांबलेले. पिशवी घेताना नजर जमिनीवर. एके दिवशी मी त्याला म्हटले, “अरे, माझ्या पाठीने आता पोते उचलवत नाही. जरा हात लावशील का?” त्याने पोते उचलले. पुढच्या शनिवारी न सांगता तासभर आधी आला. हळूहळू त्याने साठ्याची वही संगणकावर घेतली, वृद्धांच्या घरी पिशव्या पोहोचवल्या. तो परीक्षा उत्तीर्ण झाला की नाही, हे मी येथे सांगणार नाही, कारण त्यावर त्याचे मोल ठरत नाही. एवढेच सांगतो, की त्याची नजर जमिनीवरून वर आली. आज केंद्रात पोती उतरवणाऱ्यांपैकी काहीजण तेथूनच शिधाही नेतात. कोण कोणते, हे आम्ही कोणाला सांगत नाही. साखळदंडांत जखडलेल्या चंदनेकडे द्यायला काय होते? तरीही भगवान महावीरांचे पारणे तिच्या हातून झाले. ज्याच्याजवळ काही नाही त्याच्याही हातून दान घडू शकते. त्याला ती संधी देणे हेच कदाचित सर्वांत मोठे दान असेल.

आणि आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. “हिशेबाला माणूस नाही,” असे म्हणून मला बोलावणारे ते विश्वस्त स्वतः हिशेबात माझ्याहून तरबेज होते, हे मला वर्षभराने कळले. वह्या त्यांनाही सहज लावता आल्या असत्या. मंदिराच्या पायरीवर रोज उगाच रेंगाळणारा एक निवृत्त माणूस त्यांनी पाहिला होता. त्यांनी मला उपदेश केला नाही, की माझी कीव केली नाही. त्यांनी माझ्या हाती पळी दिली. मी देणारा म्हणून आलो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी त्या केंद्रातला पहिल्या रांगेतला गरजू होतो. जीवनाचे प्रयोजन शोधून सापडत नाही, बंधूंनो. कोणीतरी आपल्याला कामाचे समजते, आणि आपण त्याच्या विश्वासाला जागतो, त्यातून ते हळूहळू घडत जाते. जीव एकमेकांच्या आधाराने जगतात हे आपले तत्त्व आहे. त्यात देणारे आणि घेणारे अशा दोन कायमच्या रांगा नाहीत.

संस्था स्थापन झाली तेव्हा १९७२ च्या दुष्काळाच्या, मिलोच्या आणि सुकडीच्या आठवणी ताज्या होत्या. संस्थापकांनी भूक जवळून पाहिली होती. आपण ती पाहिलेली नाही. म्हणून आपल्याला ती मुद्दाम पाहावी लागेल. या सुवर्णमहोत्सवात सभागृहाच्या नूतनीकरणाचा संकल्प झाला आहे. त्याला माझे अनुमोदन आहे. त्याच्या जोडीला तीन विनंत्या मी आपणा सर्वांच्या चरणी ठेवतो. पहिली, प्रत्येक घरात मुठीचा एक डबा असावा. आठवड्यातून एकदा घरातील लहान मुलाने तो केंद्रात आणून रिता करावा. दुसरी, प्रत्येक घरातील एका व्यक्तीने महिन्यातून दोन तास केंद्राला द्यावेत, आणि देणगीच्या पावतीइतकेच त्या दोन तासांना महत्त्व असावे. तिसरी, आपल्या इमारतीत, शेजारात, नात्यात निवृत्त होऊन, वैधव्याने वा अपयशाने जो माणूस भिंतीला टेकून उभा असेल, त्याला पुढे बोलवावे. सांत्वन करण्यासाठी नको; माणसे कमी पडतात, जरा हात लावा, असे म्हणून बोलवावे. आणि ते खोटे ठरणार नाही. माणसे खरोखरच कमी पडतात.

त्या दिवशी घडी केलेली पिशवी घेऊन निघून गेलेल्या भगिनी कदाचित याच पेठेत राहत असतील. त्यांची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. संवत्सरीला सर्वांना क्षमापना करताना दरवर्षी माझ्या डोळ्यांसमोर प्रथम त्याच येतात. केंद्राच्या आतल्या खोलीत आम्ही एक खुर्ची ठेवली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीवर बसवतो आणि आधी नाव विचारतो. माझे प्रायश्चित्त म्हणा हवे तर. एवढेच मला करता आले.

 माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, अथवा कोणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.